वेंगुर्लं आधी, ॲमस्टरडॅम नंतर

फेब्रुवारी संपला की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर मे महिन्याच्या सुट्टीची चर्चा सुरू होते. यंदा एकमत झालं: थोडे बीच आणि युरोपातलं एक शहर. बीच म्हणजे कुणाला बाली हवं होतं, कुणाला फुकेत. मी मूळचा सावंतवाडीचा, नोकरी पुण्यात. मी एक्सेलची शीट उघडली आणि ओळीने लिहिलं: वेंगुर्लं, मालवण, ॲमस्टरडॅम. ग्रुपवर हसण्याचे इमोजी पडले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वेंगुर्ल्याक जावक सुट्टी कित्याक होयी रे? एष्टीत बसलस की तासाभरात पोचतलस."

तिचं खरंच होतं. पण त्या तासाभरावरच्या गावात डचांची वखार आहे, हे शाळेपासून ऐकूनही मी कधी तिच्या आत गेलो नव्हतो. लग्नाला गेलो, मासे आणायला गेलो, वखारीपाशी मात्र कधी थांबलो नाही.

माझ्या शीटमधली ही तीन नावं एकत्र आली त्याला ३९० वर्षांपूर्वीचं कारण आहे. १६०२ साली नेदरलँड्समध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिचं सगळ्यात वजनदार कार्यालय ॲमस्टरडॅमला होतं. कंपनीला मसाल्यांचा व्यापार हवा होता आणि त्या वाटेत पोर्तुगीज होते. म्हणून १६३६ पासून डच जहाजं दर हंगामात मांडवीच्या मुखासमोर ठाण मांडू लागली, गोव्याची कोंडी करायला. पण शेकडो खलाशी महिनोन् महिने समुद्रात ठेवायचे तर पाणी, तांदूळ, लाकूड लागणार. गोव्याच्या उत्तरेला, आदिलशाही मुलखात, हे सगळं मिळेल असं बंदर होतं वेंगुर्ल्याचं. योहान व्हान ट्विस्ट नावाचा डच वकील विजापूर दरबारी गेला आणि १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला डचांचं ठाणं उभं राहिलं. पावसाळा जवळ आला की जहाजं निघून जायची आणि तो सरला की परतायची. आजही मे संपत आला की मालवणात किल्ल्याच्या होड्या बंद होतात, तसंच. समुद्राचं वेळापत्रक तेव्हाही कुणाला वाकवता आलं नाही.

१६४४ मध्ये तह झाला आणि कोंडी संपली, पण वखार राहिली. १६४८ मध्ये ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या डच जहाजातून वेंगुर्ल्याला उतरला. जहाजांना पाणी आणि तांदूळ भरून घ्यायला ही उत्तम जागा आहे, असं त्याने नोंदवलं. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, तेव्हा वेंगुर्ल्याचे डच किनाऱ्यावरच्या बातम्या वरिष्ठांना कळवत होते. त्याच्या आदल्याच वर्षी डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर त्यांना मोठं ठिकाण मिळालं, वेंगुर्ल्याचं महत्त्व ओसरत गेलं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ते इथून गेले.

हा प्रवास मला रोमँटिक करायचा नाही. याच कंपनीने १६२१ मध्ये जायफळासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचे बहुतेक लोक मारले, गुलाम केले किंवा हाकलून दिले. (सावंतवाडीजवळच्या आमच्या बांद्याशी त्या बेटांचा संबंध नाही, पण नाव वाचताना दचकायला होतं.) बासुंदीत आपण जे जायफळ किसतो ते तेव्हा फक्त त्या बेटांवर पिकायचं.

आता माझ्या पेशाचा भाग. डच कंपनीची कागदपत्रं हेग शहरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फळ्या एकापुढे एक मांडल्या तर सव्वा किलोमीटरच्या आसपास भरतील. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. आशियातून गेलेल्या पत्रांची लाखो पानं स्कॅन झाली आहेत आणि जुनं हस्ताक्षर वाचायला शिकवलेल्या सॉफ्टवेअरने ती टाइप करून शोधण्याजोगी केली आहेत. एका रात्री मी डच स्पेलिंग वापरून 'विंगुर्ला' शोधलं. पानांमागून पानं आली. त्या दाट मजकुरात मला ओळखू आलेले शब्द दोनच: 'गोवा' आणि 'पेपर'. दुसऱ्याचा अर्थ मिरी. माझ्या शेजारच्या गावाबद्दल एवढं लिहिलेलं आहे आणि मला त्यातली एक ओळ धड वाचता येत नाही, हे बराच वेळ टोचत राहिलं.

म्हणून बेत असा होता: ॲमस्टरडॅमला चार दिवस. कंपनीचं जुनं मुख्यालय, जिथे आता विद्यापीठ आहे. १६५६ सालच्या आरमारी कोठारातलं नौकानयन संग्रहालय आणि त्याच्या धक्क्याला बांधलेली कंपनीच्या जहाजाची प्रतिकृती. एक दिवस रेल्वेने हेग. त्यासाठी शेंगेन व्हिसा हवा: बँकेची स्टेटमेंट्स, रजेचं पत्र, परतीचं तिकीट. फॉर्म भरताना कार्ताझ आठवला. पोर्तुगीज आपल्याच समुद्रात आपल्या जहाजांना तो परवाना घ्यायला लावत आणि पुढे डचांनीही तसे परवाने दिले.

मार्चमध्ये घरी गेलो तेव्हा आईला घेऊन वेंगुर्ल्याला गेलो. वखार राज्य संरक्षित स्मारक आहे, पण उरलंय ते छप्पर नसलेलं बांधकाम. जाड भिंती आणि त्यांच्या सांध्यांत शिरलेली झाडांची मुळं. आई एका कमानीखाली उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "ह्या पावसात आणि थोडा पडतला." कोकणात घरं सांभाळलेल्या बाईचा अंदाज होता तो. कौलं बदलली नाहीत की भिंतीचं काय होतं हे तिला माहीत आहे.

परत येताना शीटमधल्या तारखा बदलल्या. हेगमधले कागद ठरावीक तापमानात, खोक्यांत नीट आहेत, ते पुढच्या वर्षीही असतील. या मे महिन्यात मी पंधरा दिवस घरी असेन. वखारीची प्रत्येक भिंत, आतून आणि बाहेरून, मोजपट्टी लावून, तारखेसह फोटोंत नोंदवायची आणि ते सगळं पुरातत्त्व खात्याला अर्जासोबत द्यायचं असं ठरवलंय. उरलेल्या दिवसांत मालवण, आणि होड्या बंद व्हायच्या आत सिंधुदुर्ग. संध्याकाळी रोज तासभर डचचे धडे.

ग्रुपला कळवलं. बालीवाला म्हणाला, मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला येतो.