ब्रेकमधलं एरंडेल

आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात ब्रेकच्या डबीत घालायच्या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. खरं तर बहुतेक गाड्यांतला आजचा द्रव तेल नव्हेच. तो ग्लायकॉलच्या कुळातला, हवेतलं पाणी शोषणारा. मग हे ‘ऑइल’ आलं कुठून?

इंजिन ऑइल, गिअर ऑइल म्हणतात तसंच हेही, असं सोपं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. बॅटरीत घालतात त्याला आपण पाणी म्हणतो, रेडिएटरमधल्याला कूलंट. जे तेल नाही त्याला मिस्त्री सहसा तेल म्हणत नाही. माझ्या मते हे नाव म्हणजे आठवण आहे, कारण ब्रेकमध्ये एके काळी खरोखरच एरंडेल होतं.

माल्कम लॉकहीडच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट 1917 चं; 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीने हे ब्रेक चारही चाकांना आणले. पुढे त्यांत एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण चाललं. एरंडेलच का? सील आणि होज पाइप नैसर्गिक रबराचे होते आणि खनिज तेलाने हे रबर फुगतं. इतर वनस्पती तेलं अल्कोहोलमध्ये नीट मिसळत नाहीत. एरंडेल मिसळतं, कारण त्यातल्या रिसिनोलिक आम्लाला हायड्रॉक्सिल गट असतो. म्हणजे तेल निवडलं ते रबराने. एरंडेलाला इंग्रजीत ‘कॅस्टर ऑइल’ म्हणतात; कॅस्ट्रॉल या वंगणाचं 1909 चं नावही त्यावरूनच पडलं. या ‘कॅस्टर’बद्दल मात्र वाद आहे. लॅटिनमध्ये कॅस्टर म्हणजे बीव्हर. या प्राण्यापासून मिळणाऱ्या औषधाची जागा एरंडेलाने घेतली, म्हणून हे नाव, असं काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात, ‘आग्नुस कास्तुस’ या झुडपाशी गल्लत झाली. मला दुसरी बाजू बळकट वाटते. नावं वापरातल्या साम्यापेक्षा ऐकण्यातल्या चुकीने जास्त फिरतात.

पन्नाशीच्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये, एमजीए किंवा ट्रायम्फ टीआर3 मध्ये, एरंडेलाचा वारसा रबराच्या रूपाने टिकला. नैसर्गिक रबराला सोसेल असाच द्रव त्यांना लागे. गर्लिंग या ब्रेक कंपनीचा लाल द्रव त्यासाठीच होता. फ्रेंच सित्रोएन डीएस 1955 मध्ये आली ती एरंडेलावर आधारलेला द्रव घेऊनच. पुढे सित्रोएन हिरव्या खनिज तेलाकडे वळली, आणि 1971 च्या मासेराती बोराच्या ब्रेकमध्येही तेच तेल आलं. इथे खरं ‘ऑइल’ घालणं बरोबर आणि ग्लायकॉल घातक. टीआर3 मध्ये नेमकं उलट!

चुकीच्या द्रवाने किंवा वयोमानाने बिघडलेला होज पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून एकेरी झडपेसारखा वागतो. पायडलवरून पाय काढला तरी चाक जखडलेलंच राहतं. ग्लायकॉल पाणीही पितं: डॉट 3 प्रतीचा कोरडा द्रव किमान 205 अंशांना उकळायला हवा, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही हमी 140 अंशांवर येते. उतारावर एवढी उष्णता सहज निर्माण होते आणि पायडल पोकळ लागतं.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर ब्रेकची डबी उघडण्याआधी झाकणावरचा मजकूर आणि गाडीचं मूळ हस्तपुस्तक वाचा. द्रव दर दोन वर्षांनी बदला, होज पाइपचं वय ठाऊक नसेल तर तोही बदलून टाका. आणि मिस्त्री ‘ब्रेक ऑइल’ म्हणाला, तर बाटली हातात घेऊन स्वतः वाचा.