आईच्या पडद्यावरचा उंदीर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी हॉलमध्ये ऑफिसचं काम उरकत होते आणि आई आतल्या खोलीत तिच्या लॅपटॉपवर टाइप करत होती. अचानक माझ्या पडद्यावरचा बाण थिजला. मी माउस जोरजोरात फिरवला, टेबलावर आपटला, वैतागून दहा-बारा वेळा क्लिक केलं. उपयोग शून्य. तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, लवकर ये! माझ्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलंय!"

धावत गेले. आई खुर्चीपासून दोन हात लांब उभी. बाण आपोआप पळायला लागला, खिडक्या उघडल्या, कसलासा प्रश्न पडद्यावर आला आणि त्याचं उत्तरही आपोआप दिलं गेलं, असं ती सांगत होती. तिने लिहिलेली दोन पानं सेव्ह न होताच बंद झाली होती. माउस नकळत माझ्या हातातच राहिला होता. तो तिच्या टेबलावर ठेवला, तर तिच्या पडद्यावरचा बाण हलला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या माउसला पोटाखाली एक बटण आहे आणि त्याशेजारी १, २, ३ असे दिवे. एक नंबरवर ऑफिसचा लॅपटॉप, तीनवर माझा फोन. दोन नंबरवर मीच कधीतरी आईचा लॅपटॉप जोडला होता, तिचं एक काम करून देताना. हातात उचलताना ते बटण दाबलं गेलं असणार. भिंतीपलीकडून आईच्या घरात शिरलेली चोर मीच होते.

मला हसू आलं. आईला आलं नाही. फसवणुकीच्या इतक्या बातम्या वाचलेल्या बाईला क्षणभर काय वाटलं असेल, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पुढचे आठ दिवस तिने लॅपटॉप उघडला नाही. नवव्या दिवशी चहा पिताना तिने विचारलं, "वायर नाही, तर त्याला कळतं कसं, कुणाचं ऐकायचं ते?"

प्रश्न चोख होता. उत्तरासाठी मला बरंच मागे जावं लागलं.

माउसचा पहिला नमुना १९६४चा. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांची कारागिरी. लाकडाची ठोकळ्यासारखी डबी, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण आणि शेपटीसारखी वायर. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार श्रोत्यांसमोर एंगेलबार्टनी दीड तास त्याचं प्रात्यक्षिक दिलं. ते चालवत होते तो संगणक मात्र सभागृहात नव्हताच. तो होता मेनलो पार्कमध्ये, सुमारे ४८ किलोमीटर दूर.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. मेनलो पार्कमध्ये बसलेले बिल पॅक्स्टन पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागतात आणि मग दोघं एकाच मजकुरावर, आपापल्या माउसने, एकाच वेळी काम करतात. एका पडद्यावर दोन माणसांचे दोन बाण. एंगेलबार्टना माउस हे काही स्वतंत्र खेळणं म्हणून नको होतं. अवघड प्रश्न माणसांनी एकत्र बसून सोडवावेत, त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या व्यवस्थेचा तो एक छोटा भाग होता. १९७० मध्ये माउसचं पेटंट मिळालं, ते संस्थेच्या मालकीचं. एंगेलबार्टना रॉयल्टी कधीच मिळाली नाही.

म्हणजे सुरुवात झाली एक यंत्र आणि अनेक हात इथून. आज माझ्या टेबलावर नेमकं उलटं आहे: एक हात आणि तीन यंत्रं. या उलटापालटीसाठी आधी वायर जावी लागली.

इन्फ्रारेडवर चालणारे सुरुवातीचे बिनतारी माउस टीव्हीच्या रिमोटसारखे होते, मध्ये चहाचा कप आला तरी संपर्क तुटायचा. रेडिओलहरी कपातूनही जातात आणि भिंतीतूनही. पण रेडिओलहरी वापरायच्या म्हणजे सरकारची परवानगी आली. इथे आईने मला थांबवलं. तिची हरवलेली दोन पानं त्याबद्दलच होती. साताऱ्याच्या घरी आजोबांनी रेडिओ घेतला, तेव्हा त्यासोबत लायसन्सचं पुस्तकही आलं होतं. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि पुस्तकावर नोंद करून आणायची. नुसती गाणी ऐकायची, तरी परवाना! ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली.

त्याच दशकात, १९८५ मध्ये, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एक निर्णय घेतला. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तो पट्टा म्हणजे संदेशवहनाच्या दृष्टीने गोंगाटाची, टाकाऊ जागा. तिथे कमी शक्तीच्या उपकरणांना, ठरावीक नियम पाळून, परवान्याशिवाय बोलू द्यायचं ठरलं. वायफाय आणि ब्लूटूथ वाढलं ते या गायरानात. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. पोस्टातल्या पुस्तकाशिवाय मी माउस वापरते, ते या निर्णयांमुळे.

गायरानात गर्दी होणारच. तिथे टिकायचं कसं, याची युक्ती म्हणजे एका जागी न थांबणं. ब्लूटूथवरचं काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झालं. त्याच्या मूळ प्रकारात हा पट्टा ७९ वाहिन्यांमध्ये विभागलेला आहे आणि दोन्ही यंत्रं ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० उड्या मारतात. आजचे माउस बहुतेक २०१० नंतरच्या कमी वीज खाणाऱ्या प्रकारावर चालतात, त्यात वाहिन्या ४०. नावाची गंमत वेगळीच. डेन्मार्कच्या टोळ्यांना एकत्र आणणारा दहाव्या शतकातला राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचं नाव इंटेलच्या जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये तात्पुरतं म्हणून सुचवलं आणि तेच कायम झालं. आपल्या फोनवरचं ते निळं चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची जुन्या रून लिपीतली आद्याक्षरं, एकमेकांत गुंफलेली.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. माउसच्या पोटाखालचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की दिवा भराभर लुकलुकतो. तेव्हा माउस "मी इथे आहे" अशी दवंडी पिटत असतो. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या ब्लूटूथ यादीत त्याचं नाव दिसतं, आपण ते निवडतो आणि दोघं एक गुप्त किल्ली ठरवून आपापल्या स्मृतीत ठेवतात. पुढच्या यंत्रासाठी नंबर बदलायचा आणि हेच पुन्हा करायचं. माउसकडे असे तीन खण असतात, पण एका वेळी उघडा असतो एकच. किल्ली नसलेल्याला तो ओळखही देत नाही. अँड्रॉइड फोनवर जोडताच बाण दिसतो. आयफोनवर ही सोय २०१९ पासून आहे, मात्र ती असिस्टिव्ह टचच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे किल्ली माझ्याकडेही होती. मला विचारलं कुठे होतंस?"

यावर मला बोलता आलं नाही. तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर होतं. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना संमती दिली होती, फक्त माणसांमध्ये बोलणं झालं नव्हतं. मी तिच्यासमोर ब्लूटूथची यादी उघडली, माझ्या माउसचं नाव दाखवलं आणि ते काढून कसं टाकायचं तेही दाखवलं. तिने ते स्वतःच्या हाताने काढलं. मग थोडा विचार करून म्हणाली, "आता जोड परत. त्या सपाट पट्टीवर माझं बोट सरकत नाही नीट."

ती दोन पानं पुन्हा लिहून झाली. ती सांगायची, मी टाइप करायचे आणि चूक दिसली की माउस हातात घेऊन ती बरोबर त्या शब्दावर बाण नेऊन ठेवायची. आजोबांचा रेडिओ आता पाच पानांचा झाला आहे आणि अजून पोस्टातल्या रांगेपर्यंतच पोचला आहे. रात्री नऊनंतर माउस दोन नंबरवर असतो. ऑफिसचं काही राहिलंच, तर मी टचपॅडवर भागवते.