हिरोशिमाने निवडलेलं इंजिन

जुनी मोटार घरच्या घरी नव्याने बांधणाऱ्या हौशी लोकांची एक जमात जगभर पसरलेली आहे. ऑस्ट्रेलियात आहे, न्यूझीलंडमध्ये आहे, पोर्तो रिकोसारख्या बेटावर आहे, खुद्द जपानात तर आहेच. कुठून तरी गंजका सांगाडा मिळवायचा, रविवारचे रविवार त्यावर खपायचं आणि दोन-तीन वर्षांनी गाडी रस्त्यावर आणायची. या मंडळींत कुणी नवखा आला, की एक प्रश्न हमखास निघतो. पहिल्याच गाडीला रोटरी इंजिन बसवू का? जाणते लोक बहुधा 'नको रे बाबा' म्हणतात. ते पेट्रोल पितं, ऑइल खातं, पटकन तापतं आणि बिघडलं तर जवळपासचा मेकॅनिक हात लावत नाही. तरी कुणी ना कुणी तेच निवडतो.

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. यंत्रांशी माझं नातं सायकलपुरतं. पण हा प्रश्न मला सोडेना, कारण १९६० साली तो एका अख्ख्या कारखान्यापुढे उभा होता. आणि तिथे पणाला लागल्या होत्या एकदा जळून गेलेल्या शहरातल्या हजारो घरांच्या चुली.

आधी हे इंजिन काय आहे ते पाहू. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. आमच्या मोहल्ल्यातले गॅरेजवाले चाचा पोरांना चार शब्दांत शिकवतात : ओढ, दाब, पेट, फेक. हवा-पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, ठिणगीने पेटवायचं, धूर बाहेर फेकायचा. पण वर गेलेल्या पिस्टनला खाली येण्याआधी थांबावं लागतं, खाली आला की पुन्हा थांबावं लागतं. हे धावणं-थांबणं मिनिटाला हजारो वेळा. रोटरीत पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कमरेशी किंचित आवळलेल्या लांबट गोल डब्यात फिरत असतो. त्याची तिन्ही टोकं डब्याच्या भिंतीला सतत घासत राहतात, म्हणून तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होतो आणि चारही कामं फिरता फिरता उरकली जातात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. त्रिकोणाचा एक फेरा होईपर्यंत मधल्या शाफ्टचे तीन होतात.

हे चित्र मी चाचांना कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "और कोने में से प्रेशर निकल गया तो?" जर्मनी-जपानच्या इंजिनिअरांनी ज्यावर डोकं फोडलं, तो प्रश्न हाच.

इंजिनाचा जनक फेलिक्स वांकेल. जन्म १९०२, जर्मनीतलं लार गाव. वडील वनाधिकारी, ते पहिल्या महायुद्धात मारले गेले. हा पोरगा कॉलेजात गेलाच नाही. हायडेलबर्गला एका प्रकाशकाकडे नोकरी करता करता त्याने १९२४ साली स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं आणि १९२९ मध्ये फिरत्या इंजिनाचं पहिलं पेटंट घेतलं. दृष्टी इतकी अधू, की मोटार चालवण्याचा परवाना त्याच्याजवळ कधीच नव्हता. इथवर गोष्ट गोड आहे. पण वांकेल तरुणपणीच नाझी पक्षात गेला होता. स्थानिक पुढाऱ्याशी भांडून १९३२ मध्ये बाहेर पडला, १९३३ मध्ये काही महिने तुरुंगातही गेला. पुढे मात्र तो एसएसमध्ये होता आणि युद्धकाळात त्याने लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी काम केलं. मोटारशौकीन हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो तसा उरकावासा वाटत नाही.

युद्धानंतर, १९५१ मध्ये, त्याचा एनएसयू या मोटारसायकल कंपनीशी करार झाला आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिलं इंजिन सुरू झालं. त्यात त्रिकोण आणि बाहेरचा डबा दोन्ही फिरायचे. स्पार्क प्लग बदलायचा तरी इंजिन खोलावं लागे. कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने डबा स्थिर केला. वांकेलला ते मुळीच रुचलं नाही. आज जगभर वांकेलच्या नावाने जे चालतं ते पाश्केचं रूप आहे.

आता हिरोशिमा. तिथली तोयो कोग्यो कंपनी, म्हणजे आपण जिला माझदा म्हणून ओळखतो ती, १९२० मध्ये बुचाचं सामान बनवायला निघाली होती. १९३१ पासून ती तीनचाकी मालगाड्या करू लागली. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा कारखाना शहराच्या कडेला, हिजियामा टेकडीच्या आड होता. म्हणून इमारती वाचल्या. माणसं मात्र शहरभर विखुरलेली होती. पुढचे काही महिने कारखान्यात दवाखाना चालला, प्रांताचं सरकारी कामकाजही तिथूनच चाललं. डिसेंबरात तीनचाक्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

१९६० मध्ये कंपनीने पहिली छोटी मोटार काढली आणि लगेच नवं संकट आलं. जपान सरकारच्या मनात मोटार कंपन्यांचे मोजके गट करायचे होते. लहानांनी मोठ्यांत विरून जायचं. आपल्याजवळ असं काय आहे जे टोयोटाजवळ नाही, या प्रश्नाला कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधत ते जर्मनीला गेले. १९६१ मध्ये करार पक्का झाला : २८ कोटी येन रोख, शिवाय जपानी लोक जी काही सुधारणा करतील तिची पेटंटंही जर्मनांना खुली. करार इतका एकतर्फी होता, की हिशेब करणाऱ्या माणसाने तो केलाच नसता. एसएसमध्ये राहिलेल्या माणसाचं यंत्र अणुबॉम्ब झेललेल्या गावाने उचलावं, याचंही मला नवल वाटतं. पण बुडणारा माणूस फळीचा गावगोत विचारत नाही.

घरी येऊन इंजिन चालवून पाहिलं, तर काही काळातच डब्याच्या आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे उठायचे. कामगारांनी त्यांना नाव दिलं, सैतानाच्या नखांच्या खुणा. फळ्यावर खडू वाकडा धरला की तो कर्कश थरथरत जातो ना, तसंच त्रिकोणाच्या टोकावरची सीलची पट्टी भिंतीवरून सरकताना थरथरायची.

एप्रिल १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली एक खास विभाग नेमला गेला. हे गृहस्थ इंजिनिअर असून युद्धानंतर याच कारखान्यात साधे कामगार म्हणून लागले होते. त्यांच्या तुकडीत ४७ जण. मेलेल्या धन्यासाठी जिवावर उदार झालेल्या ४७ सामुराईंची कथा जपानात पोराटोरांना पाठ असते, त्यामुळे हा आकडा तिथे नुसता आकडा राहत नाही. या मंडळींनी पट्टीसाठी काय काय घासून पाहिलं! घोड्याची हाडं, बैलाची हाडंसुद्धा. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी टिकली.

इथे मला दोन कारखान्यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. एनएसयूने १९६४ मध्ये छोटी स्पायडर आणि १९६७ मध्ये देखणी रो ८० बाजारात आणली. रो ८० ला युरोपात वर्षाच्या सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला आणि तिची इंजिनं धडाधड परत येऊ लागली. रस्त्यात दोन रो ८० भेटल्या की चालक एकमेकांना बोटं दाखवत, 'माझं तिसरं इंजिन', 'माझं चौथं', असा किस्सा सांगतात. फुकट इंजिनं बदलून देता देता कंपनी खंगली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली. हिरोशिमाने कॉस्मो स्पोर्ट ही आपली गाडी १९६४ मध्येच प्रदर्शनात मांडली होती, पण विकली नाही. आधी ६० गाड्या चाचणीसाठी फिरवल्या. विक्री सुरू झाली ३० मे १९६७ ला. पुढच्या वर्षी युरोपातल्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक चौथी आली. दुसरी ८२व्या तासाला थांबली, तीही मागचा ॲक्सल गेल्यामुळे.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. पेट्रोल पिणारी गाडी अमेरिकेत कुणी घेईना. कारखाना दिवाळखोरीच्या दारात गेला, बँकेने सावरला, आणि यंत्रावर उभे राहणारे हजारो कामगार मोटारी विकायला बाहेर पाठवले गेले. अध्यक्षांच्या धाडसाची गोष्ट सांगताना ही माणसं विसरली जातात. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, बलाढ्य जनरल मोटर्सने आपलं रोटरीचं काम बाजूला ठेवलं. हिरोशिमाला ते परवडणारं नव्हतं. त्यांनी इंजिनाची तहान कमी केली आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ काढली. २००२ पर्यंत तिच्या आठ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. १९९१ मध्ये ल मां ची २४ तासांची शर्यत चार रोटरच्या माझदाने जिंकली.

आज हौशी पोरं जे इंजिन शोधतात ते बहुतेक आरएक्स-७ चं १३बी. दोन रोटर, १३०८ सीसी. आकार लहान, वजन कमी, सुटे भाग मोजके, त्यामुळे टेबलावर मांडून एकट्याला जुळवता येतं. या हलकेपणामुळेच आपल्याकडे 'निशांत' या वैमानिकविरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन बनवलं गेलं. बंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर त्यात नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीईचा वाटा होता. २००९ मध्ये त्याचं चाचणी उड्डाण झालं.

आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं आणि माझदाच्या मोटारीतून रोटरी अकरा वर्षं गायब होतं. २०२३ मध्ये ते परतलं, पण एका रोटरचं, आणि विजेच्या गाडीतली बॅटरी भरण्यापुरतं. चाकांशी त्याचा थेट संबंध नाही.

जुनं १३बी घेणाऱ्याला जाणते लोक एकच गोष्ट बजावतात. साध्या मीटरने कॉम्प्रेशन तपासून भागत नाही, प्रत्येक रोटरच्या तिन्ही कप्प्यांचा आकडा वेगवेगळा घ्यावा लागतो. तीनपैकी एक कमी भरला, तर कोपऱ्यातून प्रेशर जातंय. मग इंजिन उघडायचं, डबा उजेडात धरायचा आणि आतल्या भिंतीवरून हळूच नख फिरवून ओरखडे लागतात का ते बघायचं.