एक बाजू मोजा, बाकीच्या काढा : भारतीय सर्वेक्षण विभागाची वाटचाल

दहावीच्या गणित भाग २ मध्ये त्रिकोणमितीचे प्रकरण आहे. झाडापासून अमुक मीटरवर उभे राहिले की शेंड्याचा उन्नत कोन ६० अंशांचा होतो, तर झाडाची उंची किती, अशा जातीची उदाहरणे त्यात असतात. काटकोन त्रिकोणाची एक बाजू आणि एक लघुकोन कळला की उरलेल्या दोन्ही बाजू कागदावर काढता येतात, हा त्याचा गाभा. एवढ्याशा गाभ्यावर आपल्या देशातले एक खाते वाढले आणि त्याने कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची जमीन त्रिकोणांत बांधून मोजली. ते खाते म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभाग, इंग्रजीतला सर्व्हे ऑफ इंडिया. मुख्यालय देहरादूनला, स्थापना १७६७ सालची. अडीचशेहून अधिक वर्षे सलग चालत आलेले हे खाते आपल्याकडे जेवढे माहीत असायला हवे तेवढे नाही, याची खंत वाटते.

सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीच्या गरजेतून झाली. बंगालची दिवाणी हाती आल्यावर कंपनीला मुलूख, नद्या आणि वाटा माहीत असणे भाग होते. जेम्स रेनेल बंगालचे पहिले सर्व्हेअर जनरल झाले. त्या काळची मोजणी वाटेवाटेने चाले. चाक फिरवत अंतर धरायचे, होकायंत्राने दिशा घ्यायची आणि मुक्कामावर नकाशात उतरवायचे. यातली अडचण अशी की प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्या टप्प्यात मिसळत जाते आणि शेवटी ती किती झाली हे सांगायला काही साधन उरत नाही.

ही अडचण विल्यम लॅम्ब्टन यांनी सोडवायला घेतली. ३३ व्या पलटणीतला हा अबोल, गणितात रमणारा अधिकारी १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. टिपूचे राज्य पडल्यावर त्यांनी प्रस्ताव दिला की दक्षिण भारत समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांनी मोजावा. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ आधाररेषेची मोजणी सुरू झाली.

आधाररेषा म्हणजे सगळ्या त्रिकोणांतली पहिली बाजू, जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली. लॅम्ब्टनजवळ शंभर फुटांची पोलादी साखळी होती. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून पाठवली होती. बादशहाला तिचे अप्रूप वाटले नाही आणि ती हिंदुस्थानात आली. साखळी जमिनीवर टाकत नसत. तिपायांवर लाकडी पन्हळी एका पातळीत मांडायच्या, त्यांत साखळी ताणून ठेवायची, वर तंबूची सावली धरायची आणि शेजारी तापमापक लावायचे, कारण पोलाद उन्हाने लांबते आणि मद्रासच्या एप्रिल-मेमध्ये ते किती लांबेल हे हिशेबात धरावेच लागते. साडेसात मैलांची रेषा. म्हणजे साखळी सुमारे चारशे वेळा ताणून ठेवायची. या कामाला ५७ दिवस लागले.

एवढा जीव एका रेषेत का ओतायचा, हे एक त्रिकोण सोडवला की कळते. समजा आधाररेषा कख १२ किलोमीटरची आहे. दूर एका टेकडीवर ग हे ठिकाण आहे. क वरून कोन ६२ अंश, ख वरून ७१ अंश. म्हणजे ग जवळचा कोन ४७ अंश. हा त्रिकोण काटकोनी नाही, पण क पासून खग या बाजूवर लंब टाकला की त्याचे दोन काटकोन त्रिकोण होतात. पहिल्यात कर्ण १२ किलोमीटर आणि ख चा कोन ७१ अंश. लंब म्हणजे १२ गुणिले साइन ७१, अर्थात ११.३५ किलोमीटर. दुसऱ्यात हाच लंब ४७ अंशांच्या कोनाची संमुख बाजू झाला. त्याला साइन ४७ ने भागले की कर्ण, म्हणजे कग ही बाजू, १५.५ किलोमीटर निघते. कग वर कोणी साखळी धरलेली नाही. मध्ये नदी असो, जंगल असो, दरी असो. आता कग ही पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. अशी माळ लागत जाते आणि पहिल्या रेषेत एक फुटाची चूक असेल तर ती शेवटच्या त्रिकोणापर्यंत त्याच प्रमाणात पोहोचते.

त्रिकोण सोडवायला दोन कोन पुरतात. सर्वेक्षणात जमेल तिथे तिसराही मोजत, कारण तिन्हींची बेरीज हीच कामाची तपासणी. मोठ्या त्रिकोणांत ही बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते, कारण जमीन सपाट नाही, गोल आहे. साधारण दोनशे चौरस किलोमीटरला एक विकला (कोनाचा एक सेकंद), असे ते प्रमाण. गणनेत तेही धरलेले असे. मला या खात्याच्या स्वभावातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. स्वतःची चूक शोधण्याची सोय त्यांनी पद्धतीतच करून ठेवली होती.

या पद्धतीचा पहिला मोठा निकाल काही वर्षांतच हाती आला. मद्रास ते मंगळूर हा पट्टा मोजून झाला तेव्हा द्वीपकल्पाची तिथली रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी निघाली.

लॅम्ब्टनच्या थिओडोलाइटचे वजन अर्ध्या टनाच्या घरात होते. कोन वाचण्याचे त्याचे वर्तुळ तीन फूट व्यासाचे. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती लागले, मॉरिशसला गेले आणि तिथून सन्मानाने परत आले. १८०८ मध्ये तंजावरच्या सपाट मुलखात उंच जागा मिळेना म्हणून ते बृहदीश्वराच्या देवळावर चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. वर्तुळ वाकले. लॅम्ब्टन तंबूत बसले आणि सहा आठवडे त्या वर्तुळाचा एकेक भाग ओढून, ठोकून त्यांनी तो जागेवर आणला. ते यंत्र पुढे कित्येक वर्षे कामात राहिले.

१ जानेवारी १८१८ पासून या कामाला महात्रिकोणमितीय सर्वेक्षण, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, हे नाव मिळाले. मोजणीची माळ उत्तरेकडे सरकत हैदराबाद संस्थानातून वऱ्हाड-नागपूरच्या दिशेने आली. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन यांचे हिंगणघाटला निधन झाले. वर्धा जिल्ह्यातल्या या गावी त्यांची कबर आहे. भूमापनाच्या जगातला एवढा मोठा माणूस आपल्या विदर्भात विसावला आहे, हे शाळेत कधी कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

पुढची वीस वर्षे जॉर्ज एव्हरेस्ट यांची. माणूस कडक, तापट, पण कामात कसूर न खपवणारा. त्यांनी साखळीच्या जागी पितळ आणि लोखंडाच्या जोडपट्ट्या आणल्या. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, याचा उपयोग करून पट्टीवरच्या दोन खुणांमधले दहा फुटांचे अंतर तापमान बदलले तरी कायम राहील अशी ती रचना होती. गंगेच्या सपाट प्रदेशात टेकड्या नाहीत म्हणून पन्नास फुटांच्या आसपास उंचीचे मनोरे बांधले. धुळीमुळे दिवसा दूरचे दिसेना, तेव्हा रात्री दिवे लावून कोन घेतले. यंत्रांची देखभाल अर्काटहून आलेले सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे होती. युरोपात घडलेल्या यंत्रांची दुरुस्तीच नव्हे, नवी घडणही इथे होऊ शकते हे त्यांच्या हातांनी सिद्ध केले.

सिरोंज आणि देहरादून या दोन आधाररेषांमध्ये चारशेहून अधिक मैलांची त्रिकोणांची माळ होती. सिरोंजच्या रेषेवरून गणित करत देहरादूनच्या रेषेची लांबी काढली आणि मग ती प्रत्यक्ष मोजली. सात मैलांहून लांब रेषेत फरक आला सुमारे सात इंचांचा. १८४१ मध्ये बीदरची आधाररेषा मोजून झाली आणि कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतची त्रिकोणांची माळ, म्हणजेच महाचाप, पुरी झाली.

या कामाची किंमत माणसांनी मोजली. तराईतल्या आणि गोदावरीकाठच्या जंगलांतल्या तापाने झेंडेवाले, खलाशी, हमाल, पाणके आणि अधिकारीही गेले. खुद्द एव्हरेस्ट तापाने खचून प्रकृतीसाठी केप ऑफ गुड होपला जाऊन आले. मेलेल्या खलाशांची नावे क्वचितच कुठे सापडतात. शिवाय ही मोजणी आपल्या भल्यासाठी सुरू झाली नव्हती. सारा आणि सैन्य यांसाठी ती हवी होती. हे लक्षात ठेवूनही तिच्या अचूकतेपुढे मान झुकते.

गणनेच्या दालनातले मोठे नाव राधानाथ सिकदार यांचे. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातून १८३१ मध्ये, अठरा वर्षांचे असताना ते गणक म्हणून रुजू झाले आणि मुख्य गणक झाले. दिवसभर लॉगॅरिथमची कोष्टके आणि साइनच्या सारण्या यांतच त्यांचे काम. साइनच्या सारण्या या देशाला नव्या नव्हत्या, आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या ग्रंथात ३ अंश ४५ कलांच्या अंतराने अर्धज्यांची सारणी दिली होती. पण सिकदारांबद्दल मला अधिक सांगायचे आहे ते दुसरे. १८४३ मध्ये देहरादूनला एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना फुकट राबवले, तेव्हा सिकदार आडवे आले आणि त्याबद्दल त्यांना २०० रुपये दंड झाला. खात्याच्या भूमापन पुस्तिकेतले गणिती भाग त्यांनी तयार केले. १८५१ च्या आवृत्तीत त्याची नोंद होती, १८७५ च्या आवृत्तीत ती गाळली गेली. त्यावर इंग्रज अधिकाऱ्यांपैकीच काहींनी वृत्तपत्रातून निषेध नोंदवला.

'शिखर १५' ची गोष्ट याच दालनातली. नेपाळात शिरायला परवानगी नव्हती. १८४९-५० मध्ये मैदानातल्या सहा ठाण्यांवरून त्या शिखराचे कोन घेतले गेले. अंतर १७५ ते १९० किलोमीटर. दहावीच्या झाडाचे गणित जसेच्या तसे इथे लावले तर उत्तर फसते. उन्नत कोन जेमतेम सव्वादोन अंशांचा. त्याचा टॅन काढून १७५ किलोमीटरने गुणला तर उंची पावणेसात किलोमीटरच्या आसपास येते. कारण एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाई डोंगराचा सुमारे २,४०० मीटरचा भाग खाली दडवते आणि हवेतून येताना वाकणारा प्रकाश त्यातले तीनेकशे मीटर पुन्हा वर दाखवतो. या दोन्ही दुरुस्त्या करून १८५२ च्या सुमारास गणित पुरे झाले. श्रेय परंपरेने सिकदारांना दिले जाते. सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर केली. शिखराला त्यांचे पूर्वाधिकारी एव्हरेस्ट यांचे नाव दिले गेले. एव्हरेस्टचा स्वतःचा त्याला पाठिंबा नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ मध्ये याच खात्याने पुन्हा मोजून २९,०२८ फूट ठरवली. शतकाच्या अंतराने फरक २६ फुटांचा.

चुकीतूनही या खात्याने विज्ञानाला दिले. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतले अंतर त्रिकोणांनी काढले तर एक येई, ताऱ्यांवरून काढले तर दुसरे. फरक सुमारे सव्वापाच विकलांचा. हिमालयाच्या ओढीने ओळंबा सरकतो, असे धरून कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट यांनी हिशेब केला, तर ओढ त्याहून कितीतरी जास्त यायला हवी होती. म्हणजे डोंगराखाली वस्तुमान कमी असले पाहिजे. पृथ्वीचे कवच तोलून धरलेले आहे हा भूशास्त्रातला विचार या काही विकलांतून पुढे आला.

उंचीचे जाळे नंतरचे. १९०९ मध्ये नऊ बंदरांतल्या समुद्रपातळीच्या नोंदींवर देशाची पातळी बसवली गेली. त्यांत मुंबई होती. नागपूरचा झिरो माइल १९०७ चा. तो भारताचा मध्यबिंदू अशी समजूत आहे; पण तिथला दगड समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची, सुमारे १,०२० फुटांची, प्रमाण खूण म्हणून या सर्वेक्षणातला आहे.

त्यानंतर साधने बदलली. विद्युतचुंबकीय लहरींनी बाजूच थेट मोजता येऊ लागल्या, मग उपग्रह आले. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बरीच बंधने उठवली. गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्याचे काम खात्याने महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाबरोबर केले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून त्याची सुरुवात झाली आणि पुढे देशभर ती स्वामित्व योजना म्हणून गेली. ज्या मोजणीने एकेकाळी साऱ्याचा हिशेब सोपा केला, तिच्यामुळे आता गावकऱ्याच्या हाती त्याच्या घराच्या मिळकत पत्रिकेचा उतारा येतो, हे मला या वाटचालीतले सर्वांत चांगले वळण वाटते.

जुन्या खुणा मात्र नाहीशा होत आहेत. टेकडीच्या माथ्यावरचे दगडी बुरूज, पुलाच्या कठड्याशी किंवा जुन्या कचेरीच्या पायरीवर बाण कोरलेले आणि 'जी. टी. एस.' अशी इंग्रजी अक्षरे असलेले दगड रस्तारुंदीत आणि डागडुजीत फुटतात, गाडले जातात. तुमच्या गावात असा दगड दिसला तर तो हलवू नका, रंगवू नका. तलाठ्याला किंवा भूमी अभिलेख कार्यालयाला कळवा. आणि गणिताच्या शिक्षकांना विनंती की उन्नत कोनाचा धडा एक दिवस त्या दगडापाशी घ्या. कोनमापक, ओळंबा आणि तीस मीटरची फीत एवढ्यावर गावातल्या देवळाच्या कळसाची उंची मुलांना काढता येते.