शझॅममधले सुलैमान

"सर, शझॅममधला सॉलोमन म्हणजे आपले हजरत सुलैमान का?" आठवीतल्या मुलाच्या प्रश्नावर मी क्षणभर अडखळलो.

1940 मध्ये 'व्हिझ कॉमिक्स'मध्ये बिल पार्कर आणि सी. सी. बेक यांनी हा नायक आणला. 'शझॅम' म्हटले की सॉलोमनचे शहाणपण, हर्क्युलिसचे बळ, झ्यूसची शक्ती त्याच्या अंगात येते. सहा नावांपैकी पाच ग्रीक-रोमन दंतकथांतली, पैगंबर एकटे सुलैमान (अलै.).

त्यांना जादूगार ठरवणे जुनेच आहे. सूरह बकराची 102 वी आयत हाच आळ पुसते: कुफ्र सुलैमाननी केले नाही, लोकांना जादू शिकवली ती शैतानांनी. बाबिलच्या हारूत-मारूतचा उल्लेखही तिथेच येतो. तरी युरोपात पुढे त्यांच्या नावावर जादूचे ग्रंथ फिरतच राहिले. कॉमिकवाल्यांनी निदान शहाणपण तरी घेतले!

"तेच," मी मुलाला म्हणालो, "कॉमिक वाच, पण ती आयतही वाच."