साग, पाणी आणि राब

१८१७ सालीं मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका समुद्रांत उतरली. ती मलबारी सागाची होती. आणि दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी इंग्लंडांतील हार्टलपूल येथें ती अजून तरंगत आहे. सागाचें मोल एवढ्यावरून ध्यानांत येईल. स्वदेशींच्या ओक वृक्षांची टंचाई भासूं लागतांच ब्रिटिश आरमाराची दृष्टि मलबारच्या रानांकडे वळली, आणि कंपनी सरकारास वनरक्षणाची आठवण झाली.

१८०६ सालीं कॅप्टन वॉटसन यांस मलबार व त्रावणकोर येथील वनांचे रक्षक नेमण्यांत आलें. या नेमणुकीचा हेतु आरमारास लाकूड पुरविणें हा होता. पुढच्याच वर्षीं सागावर सरकारी मालकी जाहीर झाली व परवानगीवांचून झाड तोडण्यास बंदी झाली. लाकडाचे व्यापारी खवळले. रानांचे मालक गाऱ्हाणीं घेऊन उभे राहिले. जळणासहि महाग झालेली रयत कुरकुरूं लागली. अखेर मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांच्या आग्रहावरून १८२३ सालीं ती जागाच मोडण्यांत आली. मुक्त व्यापाराच्या पक्षाचा जय झाला. परंतु त्यानंतर जी बेसुमार तोड झाली, तिनें त्या व्यापाराच्याच मुळावर घाव घातला.

दोन तपांनंतर, १८४७ सालीं, मुंबई इलाख्यांत पुन्हां वनरक्षक नेमला गेला. पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे ते गृहस्थ होत. पेशानें ते शल्यवैद्य होते. डोंगर उघडे पडले कीं झरे आटतात आणि वाहून आलेल्या मातीनें खाड्या भरतात, हें कोकणांत पाहून त्यांनीं सरकारास लिहिलें. सागाबरोबर आतां पाण्याचीहि बाजू मांडली गेली.

परंतु १८५३ सालीं मुंबई ते ठाणें आगगाडी धांवली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठीं लाकडाची मागणी अफाट वाढली. १८६४ सालीं डीट्रिख ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाच्या हातीं सबंध देशाचें वनखातें आलें. १८६५ व १८७८ सालीं वनांचे कायदे झाले. दुसऱ्या कायद्यानें रानाचे मोठमोठे भाग राखीव करण्याची सत्ता सरकारास दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यास विरोध केला, तो व्यर्थ गेला.

या कायद्याची झळ ठाणें व कुलाबा जिल्ह्यांस विशेष लागली. तेथील शेतकरी भाताचें रोप टाकण्यापूर्वीं वाफ्यावर डहाळ्या, पाला व शेण पसरून जाळीत. यास राब म्हणतात. राबासाठीं झाडें छाटल्यानें रान उजाड होतें, असें अधिकारी म्हणत. राबावांचून रोप कसें धरावें, असें शेतकरी विचारी. त्याच रानांतील लाकूड मुंबईच्या बाजारांत विकलें जात असल्यामुळें वनरक्षणाची भाषा त्याला पटेना. गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं १८८५ सालीं सरकारास चौकशी-कमिशन नेमावें लागलें. तरीहि कलह मिटला नाहीं. २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळील चिरनेर येथें जंगल-सत्याग्रहांत गोळीबार होऊन माणसें मेलीं.

या सव्वाशें वर्षांत आरमार, व्यापारी, आगगाडी आणि वनखातें यांचें वैर दिसलें, तरी रान कोणाचें हें रानाशेजारच्या माणसास न विचारतां ठरवावें, यावर त्यांचें एकमत होतें. ज्याचा वांटा हिरावला गेला, तो राखण कशास करील? म्हणून कायदा वाढला तसा पहारा वाढला, आणि चोरटी तोडहि चालूच राहिली.

हा प्रश्न रानाशेजारच्या माणसास विचारण्याची सोय २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें केली. २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ सालीं तेथील ग्रामसभेनें आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळविला. राखणारा आणि तोडणारा तेथें एकच आहे. त्यामुळें किती तोडावें याचा हिशेब त्यास स्वतःच्याच घरीं द्यावा लागतो.