अक्षरध्वनी-पद्धत (फोनिक्स) : घरच्या वाचनशिक्षणात

लिहिलेल्या खुणेचा उच्चार ओळखायचा, असे दोन-चार उच्चार एकामागोमाग जोडायचे आणि त्यांतून शब्द गाठायचा, या क्रमाने मुलाला वाचायला शिकवण्याची रीत म्हणजे अक्षरध्वनी-पद्धत. इंग्रजीत तिला फोनिक्स म्हणतात. महाराष्ट्रातल्या पालकांच्या कानावर हे नाव बहुधा इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतून किंवा शिकवणीच्या जाहिरातीतून पडते. त्यामुळे ही इंग्रजीपुरती युक्ती आहे आणि मराठी ‘बोलतो तशी लिहितो’ अशी भाषा असल्याने तिला याची गरज नाही, असा समज रूढ झाला आहे. हा समज टिकणारा नाही. मराठी मुलालाही ही पद्धत लागते. मात्र ती इंग्रजीतून जशीच्या तशी उचलून चालत नाही. शिवाय तिचा अर्धा भाग बाराखडीच्या रूपाने घरोघरी आधीपासून शिकवला जातो. राहून जातो तो दुसरा अर्धा, म्हणजे जोडणे.

इंग्रजीत या प्रश्नावर मोठी भांडणे झाली. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ साली ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ लिहून शब्दाची आख्खी आकृती पाठ करवण्याच्या पद्धतीवर तोफ डागली. १९६७ साली जीन चॉल यांनी उपलब्ध संशोधन चाळून ध्वनींच्या बाजूने कौल दिला, तर त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन हा संदर्भावरून केलेला अंदाज आहे असे मांडले. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली प्रयोगांचा ताळा घेतला, तेव्हा पद्धतशीर अक्षरध्वनी-शिक्षणाचा फायदा दिसला. लहान वर्गांत तो जास्त होता, मोठ्यांत कमी. २००६ सालच्या जिम रोझ यांच्या अहवालानंतर इंग्लंडने हीच वाट धरली. तिथे २०१२ पासून पहिलीच्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात आणि त्यांतले निम्मे मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात, म्हणजे पाठांतराला वाव राहत नाही. एकमत अजूनही नाही. जेफ्री बॉवर्स यांनी २०२० साली हे पुरावे मानले जातात तितके भक्कम नाहीत असा आक्षेप घेतला. पण त्यांचा वाद ही पद्धत इतर पद्धतींपेक्षा सरस आहे का, एवढ्यापुरता आहे; खूण आणि उच्चार यांचे नाते कळल्यावाचून मूल वाचू शकते असे तेही म्हणत नाहीत.

या भांडणाची धार मात्र मराठीत आणण्याचे कारण नाही. फिलिप सिमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली युरोपातल्या १३ लेखनपद्धतींची तुलना केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस फिनिश आणि ग्रीक मुले ओळखीचे शब्द ९० टक्क्यांहून अधिक बरोबर वाचत होती, इंग्रजी वाचणारी मुले जेमतेम एक तृतीयांश. सव्वीस अक्षरांत चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनी बसवणाऱ्या भाषेचे हे दुखणे आहे. मग मराठी मूल फिनिश मुलासारखे वर्षभरात वाचू लागायला हवे; तसे सरसकट होत नाही. देवनागरीत ध्वनी आणि खूण यांचे नाते सरळ आहे, पण खुणा फार आहेत. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीचे ५२ वर्ण ठरवले. त्यांतल्या ३४ व्यंजनांची बारा-बारा रूपे धरली तरी ४०८ होतात, आणि जोडाक्षरे अजून बाहेरच उभी असतात. शिवाय मात्रा कधी वर, कधी खाली, कधी पुढे लागते. ‘कि’मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. अशाच रचनेच्या कन्नड लिपीत सारी अक्षरे पक्की व्हायला मुलांना चार-चार वर्षे लागतात, असे सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवले. पालघर जिल्ह्यातले वाडा आणि कर्नाटकातले यादगीर येथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा माग ठेवला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिसरी संपतानाही अनेक मुले साध्या मजकुरावर अडखळत होती, आणि वर्गातला वेळ मुख्यतः वर्ण, मात्रा आणि नक्कल यांवर जात होता.

याचा दोष बाराखडीला देणे सोपे आहे, पण पूर्ण बरोबर नाही. बाराखडी ही उत्तम मांडणी आहे: एक व्यंजन धरून स्वर कसा बदलतो ते ती एका ओळीत दाखवते. बिघडते ते पाठांतरात. चालीवर ‘क का कि की’ म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच ‘कु’वर बोट ठेवून विचारले, तर ते पुन्हा ‘क’पासून सुरुवात करते, त्याला चाल आली आहे, खूण आलेली नाही. उपाय साधा आहे. ओळ आडवी म्हणण्याऐवजी उभी वाचायची: का, मा, ना, रा, सा. तेव्हा काना वेगळा निघतो आणि तो कोणत्याही अक्षराला लागतो हे मुलाच्या लक्षात येते. तक्त्यावरच्या चित्रांचेही तसेच. ‘क कमळातला’ हे पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते. पुढे प्रत्येक ‘क’पाशी कमळ आठवत बसणारे मूल शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. ‘ण बाणातला’ आणि ‘ळ बाळातला’ मात्र चांगले, कारण मराठीत या वर्णांनी शब्द सुरू होत नाही आणि कान शब्दाच्या शेवटाकडे न्यावा लागतो.

अक्षरांचा क्रमही बदलायला हवा. क, ख, ग, घ, ङ हा क्रम उच्चारस्थानांचा आहे आणि व्याकरणात तो शोभतो, पण या पाचांतून मुलाच्या तोंडातला शब्द जवळजवळ बनत नाही. जुन्या शिक्षकांना हे कळत होते. ‘ग म भ न’ हा क्रम वळणे सारखी म्हणून आला, तरी त्यातून मन, मग, नभ, नग हे शब्द लगेच हाती येतात. घरी आणखी मोकळीक घेता येते. म, न, क, र, स ही पाच अक्षरे आणि काना व दीर्घ वेलांटी एवढ्यावर मामा, मामी, काका, काकी, नाक, कान, मका, सरका इतके शब्द तयार होतात, आणि ‘मामी, सरका’ हे वाक्यही. मूल ‘ना’ म्हणते, मग ‘क’ म्हणते, आणि मोठ्या माणसाने विचारायचे ते एवढेच: भरभर म्हटले तर काय होते? इथे मराठीची एक खोच पुढे येते. ‘नाक’च्या शेवटी ‘क’ पूर्ण उच्चारला जात नाही, ‘सरबत’मधला ‘र’सुद्धा नाही, आणि ‘चार’चा ‘चा’ व ‘चाक’चा ‘चा’ लिहायला एकच असून बोलायला निराळे. ही उणीव लिपी भरून काढत नाही, मुलाची बोलीच भरून काढते. म्हणून सुरुवातीचे शब्द त्याने हजारदा ऐकलेले हवेत. इंग्लंडच्या चाचणीतले निरर्थक शब्द घरी आणण्यात काही हशील नाही. रोजची पंधरा मिनिटे पुरेत, आणि शब्दांच्या भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर पकडण्याचा जो सराव होतो, तो याच कामाचा असून अभ्यास वाटत नाही.

आक्षेप असा, की अशाने वाचन म्हणजे तुकडे जुळवण्याचे यंत्रकाम होते आणि गोष्टीची गोडी मरते. फक्त एवढेच केले तर तसे होईल, यात शंका नाही. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली वाचनाकडे गुणाकार म्हणून पाहिले: उलगडता येणे गुणिले भाषा समजणे, एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्य. म्हणून अक्षरांचा वेळ वेगळा आणि गोष्ट वाचून दाखवण्याचा वेळ वेगळा ठेवावा. वाचून दाखवताना मध्येच थांबून ‘हे कोणते अक्षर?’ विचारणे हा दोन्हींचा विचका आहे. दुसरा आक्षेप बोलीचा. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘शाळा’ला ‘साळा’, वऱ्हाडकडे ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाने पुस्तकातला शब्द तसाच वाचला, तर ते वाचनातली चूक मानू नये. खूण बरोबर ओळखून ते आपल्या उच्चारात शब्द सांगत आहे. शब्द कळला हे तेवढ्यावरून सिद्ध होते. ह्रस्व-दीर्घाचेही तेच: बोलताना तो भेद अनेकदा ऐकूच येत नाही, तेव्हा तो लेखनासाठी राखून ठेवावा.

मराठी घरात इंग्रजी शिकवताना अडचण वेगळी येते. ‘सी-ए-टी’ या अक्षरनावांतून ‘कॅट’ कधीच निघत नाही, आणि ध्वनी सांगायला गेलेले पालक सवयीने ‘क’, ‘ट’ असे अकारासकट म्हणतात. जोडले की शब्द लांबच लांब होतो. इथे पाय मोडण्याची मराठी सोय कामी येते: वहीत ‘क् ॲ ट्’ लिहिले की नेमके काय उच्चारायचे ते मोठ्यांनाही दिसते. जॉली फोनिक्ससारखे प्रचलित अभ्यासक्रम एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांनी सुरू होतात, तेही शब्द लवकर बनावेत म्हणूनच. जोडण्याची क्रिया मुलाला मराठीत एकदा जमली असेल, तर ती इंग्रजीत नव्याने शिकवावी लागत नाही. नव्या असतात त्या खुणा. ‘वन’, ‘सेड’ यांसारखे नियमाबाहेरचे इंग्रजी शब्द मात्र सरळ पाठच करून घ्यावेत. दुसरी संपत आली, सराव नियमित झाला, तरी मूल दोन मात्रांत घोळ करत असेल, तर कारण पद्धतीत असेलच असे नाही. आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे, आणि ती ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत करून घ्यावी. इंग्रजीतल्या चाचणीवरून मराठी वाचनाविषयी निदान करणे धोक्याचे ठरते.